कोणती देवळाली?

नुसतं 'देवळाली' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी नाशिकजवळची देवळाली येते, लष्कराच्या छावणीची. मग प्रश्न येतो: "कोणती देवळाली? कॅम्प का?" आणि मला नदीचं नाव जोडून सांगावं लागतं, देवळाली प्रवरा, तालुका राहुरी, जिल्हा अहिल्यानगर. हा प्रश्न मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यामुळे एका संध्याकाळी शब्दांच्या एका खेळात कंप्यूटरनंही मला तसंच विचारलं, "कोणती किल्ली? पितळेची की लोखंडाची?", तेव्हा गावाकडचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं. एका नावाच्या दोन गोष्टी समोर आल्या की मनानं काही ठरवून टाकायचं नाही, विचारून घ्यायचं, ही रीत त्या प्रोग्रामला ठाऊक होती. मी शब्दांच्या खेळांत पडले ती तेव्हापासून. हे पुस्तक त्यातूनच आलं.

ज्यांनी असा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात चित्र नसतं, आवाज नसतो. पडद्यावर चार ओळी येतात: तुम्ही कुठे आहात, समोर काय आहे, कोण आहे. तुम्ही खाली लिहिता, 'उत्तरेला जा', 'दिवा घे', 'मुकादमाला चिठ्ठी दे'. प्रोग्राम ते वाचतो, समजून घेतो आणि गोष्ट एक पाऊल पुढे नेतो. विल क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरला गुहांमध्ये उतरायची आवड होती. केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या आठवणीवरून त्यानं 1975-76च्या सुमाराला असा पहिला गाजलेला खेळ लिहिला, आणि 1977मध्ये डॉन वुड्सनं तो वाढवला. पुढे 1979मध्ये निघालेल्या इन्फोकॉम कंपनीनं असे खेळ घरोघरी पोचवले. ग्रॅहम नेल्सननं 1993मध्ये 'इन्फॉर्म' नावाची खास याच कामाची प्रोग्रामिंगची भाषा केली. तिची 2006 सालची सातवी आवृत्ती जवळजवळ साध्या इंग्रजी वाक्यांसारखी लिहिता येते. या पुस्तकातल्या बऱ्याच कल्पना मी इन्फॉर्मकडून घेतल्या आहेत. उदाहरणं मात्र पायथॉनमध्ये आहेत, कारण मराठी वाक्य समजून घेणारा भाग आपल्याला आपल्या हातानं बांधायचा आहे.

पुस्तकाचा विषय एवढाच: अशा खेळातली माणसं. त्यातही एका ठिकाणी जमलेली अनेक माणसं, त्यांचे गट कसे पाडायचे आणि त्यांचं वर्णन कसं करायचं. वस्तूंचं तसं सोपं असतं. पेटी उघडी किंवा बंद, दिवा पेटलेला किंवा विझलेला. माणूस एकटा असला तर त्याचंही निभावतं. पण दहा-बारा माणसं एकत्र आली की लिहिणाऱ्याला दर वेळी ठरवावं लागतं की कुणाला नावानं ओळखायचं, कुणाला गर्दीत टाकायचं, कुणाला दोन ओळी द्यायच्या आणि कुणाला नुसता आकडा. क्राउदर-वुड्सच्या त्या पहिल्या खेळातही हा प्रश्न होता. गुहेत पाच बुटके हिंडायचे, आणि ते एकत्र दिसले की प्रोग्राम त्यांची फक्त संख्या सांगायचा. खजिना पळवणारा चाचा खेळणाऱ्याला वेगळं पात्र वाटायचा, पण कोडमध्ये तो सहावा बुटकाच होता. आत एक हिशेब आणि बाहेर दुसरी ओळख, ही फट या कलेच्या जन्मापासून आहे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या ओसरीवर सात-आठ मुलांना मी हे शिकवत होते. गोष्ट कुठली घ्यायची यावर फार चर्चा झाली नाही. आमच्याकडे प्रवरेच्या कालव्याचं पाणी आहे, भोवती ऊस आहे, राहुरी फॅक्टरी शेजारीच आहे, आणि 1950मध्ये सहकारी साखर कारखान्याची सुरुवात झालेलं प्रवरानगर याच जिल्ह्यात आहे. मुलांनी गळिताच्या हंगामातली एक सकाळ निवडली. ठिकाणं पाच: बसथांबा, कालव्याची पाळ, तोडकऱ्यांच्या कोप्या, उसाचा फड आणि वजनकाटा. फडात त्यांनी मुकादम ठेवला, कारखान्याच्या चिठ्ठ्या सांभाळणारा चिटबॉय ठेवला, एक गाडीवान ठेवला आणि ऊस तोडणारी माणसं ठेवली. खेळ चालवला. पडद्यावर आलं:

"इथे मुकादम, चिटबॉय, गाडीवान आणि 11 तोडकरी आहेत."

प्रोग्रामचं काही चुकलं नव्हतं. एकाच प्रकारच्या, वेगळी ओळख नसलेल्या गोष्टी दिसल्या की मोजून एकत्र सांगायच्या, ही इन्फॉर्मची मुळातली सवय आहे आणि आम्ही तीच उचलली होती. दहा नाण्यांसाठी ती चांगलीच. पण मागे बसलेल्या एका मुलानं लगेच विचारलं, "अकरा म्हणजे साडेपाच कोयते. मग अर्धा कोण?"

त्याचे आजी-आजोबा पाथर्डीकडून तोडीला येत. ज्यांना हा हिशेब ठाऊक नाही त्यांच्यासाठी: टोळीत कोयता म्हणजे हातातलं अवजार नसतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, टोळी कोयत्यांनी मोजतात, मुकादम कारखान्याला माणसं पुरवतो तीही कोयत्यांच्या हिशेबानं. एकटं माणूस आलं तर तो अर्धा कोयता. त्यामुळे अकरा आकड्यात त्या मुलाला एक गोष्ट दिसली, जी आम्हाला कुणालाच दिसली नव्हती. कुणाची तरी जोडी मोडलेली आहे. कोण मागे राहिलं? बाळंतपणाला गेली आहे का? वारली का? की एखाद्या विधवेनं एकटीनं उचल घेतली आहे? त्या दिवशी आमच्या खेळाला कथानक मिळालं, आणि मला या पुस्तकाचा दुसरा पाठ मिळाला.

मुलांनी पुढची गोष्ट उत्साहात केली. कोडमध्ये 'कोयता' नावाची एक वस्तू केली, तिच्या पाच प्रती टाकल्या आणि एक 'अर्धा कोयता'. यादी एकदम आटोपशीर झाली: "इथे मुकादम, चिटबॉय, गाडीवान, पाच कोयते आणि एक अर्धा कोयता आहे." मग एका मुलीनं लिहिलं, 'बाईला नाव विचार'. प्रोग्राम म्हणाला, इथे बाई नाही. बरोबरच होतं. पाच बाया त्या पाच कोयत्यांत विरघळून गेल्या होत्या. खऱ्या टोळीतही असंच होतं. ऊस तोडण्यात, मोळ्या बांधण्यात, डोक्यावरून वाहून गाडी भरण्यात तिचे दोन हात पुरेपूर मोजलेले असतात, पण उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती पडते आणि वहीत नाव त्याचं असतं. आमच्या कोडनं नकळत तीच वही लिहिली होती. हे मुलांना समजावून सांगावं लागलं नाही, ते त्यांच्यासमोर पडद्यावर होतं.

म्हणून या पुस्तकात मी एका गोष्टीचा हट्ट धरला आहे. प्रोग्रामच्या आत प्रत्येक माणूस स्वतंत्र असावा, त्याचं स्वतःचं नाव, लिंग, वय, जागा असावी. जोडी हे त्या दोघांमधलं नातं म्हणून लिहावं. इन्फॉर्ममध्ये असं नातं एका वाक्यात सांगता येतं आणि पायथॉनमध्येही ते अवघड नाही. 'कोयता', 'टोळी', 'बिऱ्हाड' हे शब्द बाहेर पडद्यावर यावेत, पण कुणाच्या तरी नजरेतून. मुकादम फडाकडे पाहतो तेव्हा त्याला साडेपाच कोयते दिसतात. चिटबॉय पाहतो तेव्हा किती गाड्या भरल्या ते दिसतं. शेतमालकाला एवढंच कळतं की तोड आली. आणि फडाच्या कडेला बसलेल्या पोराला आई दिसते, बाप दिसतो, आपले बैल दिसतात. गट पाडणं हे पाहणाऱ्याचं काम आहे, हे ज्यांना पटायला जड जातं त्यांनी इन्फोकॉमचा 1983 सालचा 'सस्पेंडेड' हा खेळ पाहावा. मायकेल बर्लिननं त्यात सहा यंत्रमानव ठेवले आहेत. एकाला दिसतं, एकाला ऐकू येतं, एक कवितेसारखं बोलतो. खेळणारा त्यांच्यामार्फतच जग ओळखतो, आणि एकच खोली सहा जणांकडून सहा तऱ्हांनी कळते.

आता थोडं यंत्राच्या आतलं. इन्फॉर्म एखाद्या ठिकाणचं वर्णन करताना माणसांची तीन गटांत वाटणी करू देतं. काहींना स्वतःचा परिच्छेद मिळतो. काही जण एकत्र बांधले जातात आणि त्यांच्यासाठी एक वाक्य आपण लिहून देतो. उरलेले शेवटच्या यादीत जातात. यातली सगळ्यात उपयोगी युक्ती लहानशीच आहे. ज्याचा उल्लेख होऊन गेला त्याच्यावर 'उल्लेख झाला' अशी खूण लागते, आणि मग शेवटच्या यादीत तो पुन्हा येत नाही. ही खूण विसरली की खेळ असं बोलतो: "मुकादम बाभळीखाली विडी ओढत बसलाय. इथे मुकादम आणि गाडीवान आहेत." नवशिक्यांच्या निम्म्या चुका याच जातीच्या असतात. तिसऱ्या पाठात मी यावर बरीच पानं घालवली आहेत आणि त्याची मला खंत नाही.

या तीन गटांची रीत कंप्यूटरबरोबर आली असं मात्र कुणी समजू नये. आमच्या गावाच्या नावातली नदी पुढे नेवाशावरून जाते आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. त्याच नेवाशात शके 1212मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानदेवांनी गीतेवर मराठीत टीका सांगितली. गीतेचा पहिला अध्याय पुन्हा वाचून पाहा, एक प्रोग्रामर म्हणून. दोन अफाट सेना समोरासमोर उभ्या आहेत आणि दुर्योधनाला त्या द्रोणाचार्यांपुढे मांडायच्या आहेत. तो काय करतो? शत्रूच्या बाजूची काही नावं सुटी घेतो, विराट, द्रुपद, धृष्टकेतू, कुंतिभोज. अभिमन्यूला त्याच्या आईच्या नावानं सौभद्र म्हणतो. द्रौपदीच्या पाच मुलांना मात्र एका शब्दात बांधतो, द्रौपदेय. आपल्या बाजूला आला की भीष्म, कर्ण, कृप, अश्वत्थामा ही नावं घेतो, आणि मग बाकीच्यांना एकत्र करतो: माझ्यासाठी जिवावर उदार झालेले, नाना शस्त्रं धरलेले आणखी पुष्कळ शूर. सुटं नाव, बांधलेला गट, उरलेली यादी. तिन्ही आहेत. शिवाय सांगणारा दुर्योधन आहे, त्यामुळे यादीत त्याची भीतीही आहे आणि त्याची फुशारकीही. हीच यादी अर्जुनानं केली असती तर तिच्यात आजोबा, गुरू, मामा, भाऊ, नातवंडं आली असती, आणि थोड्या श्लोकांनंतर ती तशी येतेही. माणसं तीच आणि मैदान तेच, पण गट पार बदललेले. पात्रांच्या वर्णनावर याहून चांगला धडा मला अजून मिळालेला नाही.

दुसरा धडा तमाशाच्या गवळणीचा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींचा घोळका असतो, पण कृष्णाशी आणि पेंद्याशी हुज्जत घालते ती मावशी. घोळक्याला तोंड एक. खेळात दहा बायांच्या गटाला खेळणाऱ्यानं काही विचारलं तर दहा उत्तरं लिहायची ताकद कुणात नसते आणि वाचायची हौसही नसते. गटाला विचारलेला प्रश्न त्यातल्या एकीकडे वळवायचा, ती बोलेल, बाकीच्या हसतील किंवा मान हलवतील. पाचव्या पाठात हे सगळं कोडसकट आहे आणि त्या पाठाचं नावच 'मावशी' आहे. याच पाठात 'फड' शब्दानं मुलांना गोंधळात टाकलं होतं. उसाचा फड, तमाशाचा फड, कुस्तीचा फड. 'फडात जा' म्हटल्यावर प्रोग्रामनं विचारायचं, कोणत्या फडात?

आता मराठीचा भाग, ज्याच्यासाठी मला हे पुस्तक मराठीतच लिहावंसं वाटलं. इंग्रजीसाठी बांधलेली हत्यारं आपल्या भाषेत जशीच्या तशी चालत नाहीत. इंग्रजीत आज्ञेचं क्रियापद सुरुवातीला येतं आणि इन्फॉर्मचं सगळं व्याकरण त्यावर उभं आहे. आपण म्हणतो 'मुकादमाला चिठ्ठी दे', क्रियापद शेवटी. म्हणजे वाक्य मागून वाचायला सुरुवात करावी लागते. शिवाय 'मुकादम' हा शब्द त्या वाक्यात मूळ रूपात नाहीच. बाईला, बायांना, पोराला, आजोबांना, गाडीवानाला: प्रत्येक पात्राच्या नावाबरोबर त्याचं सामान्यरूप प्रोग्रामला शिकवावं लागतं, एकवचनी आणि अनेकवचनी. 'तोडकरी' शब्दानं तर आम्हाला रडवलं. त्याचं होतं 'तोडकऱ्याला', आणि त्यातला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या अक्षरक्रमांनी लिहिला जाऊ शकतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कंप्यूटरला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. एका मुलाच्या फोनवरून लिहिलेला तोडकरी सापडत होता आणि दुसऱ्याच्या फोनवरून लिहिलेला सापडत नव्हता. याचा उपाय चार ओळींचा आहे, तो परिशिष्टात दिला आहे, पण त्या चार ओळींसाठी आमचे तीन दिवस गेले.

आदरार्थी बहुवचनाचा प्रश्न याहून खोल आहे. 'आजोबा बसले आहेत' यात माणूस एक आणि क्रियापद अनेकवचनी. इन्फॉर्ममध्ये एखाद्या वस्तूला 'बहुवचनी नावाची' अशी खूण लावता येते. पहिल्यांदा मी आजोबांना तीच लावली आणि थोडा वेळ सगळं ठीक दिसलं. पण मान हा काही माणसाचा स्वतःचा गुण नाही. तो दोन माणसांमधला असतो. मुकादम तोडकरणीला 'तू' म्हणतो, ती त्याला 'तुम्ही' म्हणते. नवऱ्याला 'अहो' आणि सासूला 'अहो', पण आईला 'ए आई'. बाबा आले आणि आई आली, हे एकाच घरात, एकाच वाक्यात. म्हणून मान हेसुद्धा नातं म्हणूनच लिहावं लागतं: कोण, कुणाबद्दल, कुणासमोर. खेळणारा स्वतः या गोष्टीत कोण आहे हेही आधी ठरवावं लागतं, कारण त्याच्यावरच ठरेल की कोपीतली म्हातारी त्याला 'बाळा' म्हणेल की 'साहेब'.

आणि मग लिंग. मुकादम आला, बाई आली, पोर आलं. तिघं एकत्र आले की काय? मोरो केशव दामल्यांनी 1911 सालच्या आपल्या मोठ्या व्याकरणात अशा मिश्र कर्त्यांचा विचार केला आहे, आणि ज्याला खोलात जायचं आहे त्यानं तो जरूर पाहावा. पण प्रोग्रामसाठी मला उपाय मिळाला तो बोलीत. माझी आई असं वाक्य कधी अडखळत बोलायची नाही. ती म्हणायची, "मुकादम, दोन बाया नि एक पोर, अशी चार माणसं आली." यादी संपली की एक गटाचा शब्द यायचा आणि क्रियापद त्या शब्दाप्रमाणे चालायचं. माणसं आली, मंडळी आली, टोळी आली, बाया आल्या, गडी आले. म्हणजे गटाचा शब्द नुसता आटोपशीरपणासाठी नाही, वाक्याचं व्याकरणही तोच पेलतो. हे लक्षात आल्यावर आमचा यादी लिहिणारा भाग दोनशे ओळींवरून चाळीस ओळींवर आला.

पुस्तक वापरताना एक विनंती. पहिले तीन पाठ क्रमानं करा, पुढचे कसेही केले तरी चालतील. उदाहरणातला फड तुमच्या गावात नसेल तर आठवडी बाजार घ्या, दिंडी घ्या, लग्नाची पंगत घ्या, एसटीचा थांबा घ्या. फक्त तिथले लोक एकमेकांना कसे मोजतात हे आधी ऐकून घ्या. दिंडीत माणसं विण्यामागे मोजतात की बिऱ्हाडानं, पंगतीत पात्रांनी की घरांनी, हे तिथल्याच कुणाला तरी विचारावं लागेल. घरी बसून ठरवलेला गट पडद्यावर लगेच पोकळ वाटतो.

ओसरीवरच्या मुलांनी पूर्ण केलेला खेळ शेवटच्या पाठात दिला आहे. त्यात फडातलं वर्णन आता असं येतं:

"मुकादम बाभळीखाली वही उघडून बसलाय. चिटबॉय त्याच्याकडे चिठ्ठी मागतोय. पाच जोड्या ओळीनं सऱ्या धरून पुढे सरकताहेत, आणि टोकाच्या सरीत एक बाई एकटीच तोडतेय."

अर्धा कोयता कोण, याचं उत्तर मुलांनी असं दिलं. पण त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलानं आणखी एक गोष्ट गुपचूप घातली होती, जी मला खेळ तपासताना सापडली. यादीत नसलेलं एक पात्र. खेळणाऱ्यानं 'गाडीखाली बघ' असं लिहिलं तरच ते दिसतं: "वाढ्यांच्या सावलीत एक पोर झोपलंय." ते कुठल्याच कोयत्यात नाही आणि मुकादमाच्या वहीतही नाही. कोडमध्ये त्याच्या नावाची ओळ त्या मुलानं रिकामी ठेवली होती. मी ती छापताना तशीच ठेवली आहे. वाचकानं ती भरावी आणि मग खेळ सुरू करावा.

देवळाली प्रवरा